नकाशा शिकवणाऱ्यांची शिदोरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आजच्या विषयाचे नाव ऐकून काही जण रेडिओचा कान पिळतील अशी मला धास्ती आहे. विषय आहे जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. आणि बोलायचे आहे ते ही विद्या शिकणाऱ्यांबद्दल नव्हे, तर शिकवणाऱ्यांबद्दल. पण आपल्या गावातली पिण्याच्या पाण्याची विहीर, आपल्या शेताचा बांध आणि उन्हाळ्यात तालुक्यात फिरणारा टँकर या सगळ्यांचा या विषयाशी संबंध आहे. तेव्हा थोडा वेळ थांबावे, ही विनंती.

शाळेत असताना आपण नकाशावर पातळ कागद ठेवून नद्या गिरवल्या आहेत. दुसऱ्या कागदावर रस्ते, तिसऱ्यावर गावे. हे तिन्ही कागद एकावर एक ठेवले की कोणते गाव नदीकाठी आहे आणि कोणते रस्त्यापासून दूर, हे दिसते. जीआयएस म्हणजे संगणकातले असे कागद. फरक एवढाच, की प्रत्येक ठिपक्यामागे एक तक्ता असतो. ठिपका विहिरीचा असेल तर तिची खोली, पाण्याची पातळी, मालक कोण, हे सारे त्यात नोंदवता येते आणि मग संगणकाला प्रश्न विचारता येतात. कॅनडातले रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० च्या दशकात आपल्या देशातील जमिनीच्या पाहणीसाठी अशी पहिली मोठी प्रणाली उभी केली. आज हे तंत्र नगररचना कार्यालयापासून पाणलोटाचे काम करणाऱ्या छोट्या संस्थेपर्यंत सगळीकडे पोहोचले आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांचे नकाशे करण्याचे काम हाती घेतले गेले, हे आपण वाचले असेलच.

आता एवढी माणसे हे तंत्र वापरणार, तर त्यांना शिकवणार कोण? शिकवतात ते भूगोलाचे किंवा स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक, एखाद्या संस्थेतला संगणकाची आवड असलेला कार्यकर्ता, कधी नुकताच आठ दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आलेला तरुण. यांच्या हाती काय साहित्य असते? याचे उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. साहित्य भरपूर आहे, बरेचसे उत्तम आहे आणि त्यातले पुष्कळसे फुकट आहे. तरीही तीन-चार दिवसांचा वर्ग संपवून, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेला माणूस स्वतःच्या गावाचा नकाशा करायला बसला की अडतो. पुस्तकातल्या उदाहरणात सगळे जुळत होते, इथे काहीच जुळत नाही. विहीर शेजाऱ्याच्या शेतात दिसते, गावाचे नाव चौकोन-चौकोन होऊन येते, तक्ता नकाशाला चिकटत नाही. या अडचणी शिकवण्याच्या साहित्यात नसतात, कारण ते साहित्य दुसऱ्या मातीत तयार झालेले असते. माझे सांगणे एवढेच आहे, की प्रशिक्षकाने तयार साहित्य जरूर घ्यावे, पण त्याच्या पोटात आपल्या तालुक्याची माहिती भरावी. तयारीचा निम्मा वेळ तिथेच गेला पाहिजे.

शिकवणाऱ्यांसाठी साहित्य करण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेतील नॅशनल सेंटर फॉर जिऑग्राफिक इन्फर्मेशन अँड अॅनालिसिस या संस्थेने १९९० मध्ये मायकेल गुडचाइल्ड आणि कॅरन केंप यांच्या संपादनाखाली एक गाभा-अभ्यासक्रम काढला. त्यात ७५ पाठ होते. विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे हे पुस्तक नव्हते, अध्यापकाने वर्गात काय बोलावे याची ती टिपणे होती. पुढे २००६ मध्ये या विषयात काय काय यायला हवे याची एक जाडजूड यादीही तिकडे तयार झाली. यादी कामाची खरी, पण यादी वाचून कोणाला शिकवता आल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

खरा बदल झाला तो सॉफ्टवेअर फुकट झाल्यामुळे. अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएस नावाचा एक कार्यक्रम लिहायला घेतला. तो खुला ठेवला, जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली आणि आज तो कोणीही, कितीही संगणकांवर, एक पैसा न देता वापरू शकतो. पूर्वी परवान्याच्या किमतीमुळे प्रयोगशाळेतल्या दोन-तीन संगणकांपुढे वीस-पंचवीस मुले दाटीवाटीने उभी राहायची. आता विद्यार्थी तोच कार्यक्रम घरच्या संगणकावर घेऊन जातो आणि रात्री पुन्हा करून पाहतो. माझ्या मते शिकवणाऱ्यांना मिळालेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे.

या कार्यक्रमाभोवती शिकवण्याचे साहित्य जमत गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केप प्रांताच्या जमीन खात्याच्या मदतीने एक सोपी ओळख-पुस्तिका लिहिली गेली. थर म्हणजे काय, प्रक्षेपण म्हणजे काय, हे शाळकरी मुलालाही कळेल अशा भाषेत तिच्यात सांगितले आहे आणि कागद-पेन्सिल घेऊन करायचे खेळही दिले आहेत. क्यूजीआयएसची स्वतःची प्रशिक्षण-पुस्तिका आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत जिओअकॅडमी नावाने पाच अभ्यासक्रम तयार होऊन खुले झाले. आपल्याकडे देहरादूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था २००७ पासून दूरस्थ वर्ग घेते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात क्यूजीआयएसचे छोटे छोटे पाठ आहेत. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ पाहायचा आणि उरलेल्या अर्ध्यात आपण तसेच करत जायचे, अशी त्याची रीत. ज्या प्रशिक्षकाला स्वतःला एखादी गोष्ट नीट येत नाही, त्याने आदल्या रात्री हे पाठ पाहावेत, यात कमीपणा काही नाही. उजवल गांधी यांनी लिहिलेले क्यूजीआयएसचे धडेही अनेक भारतीय वर्गांत वापरले जातात.

यातले बरेच साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्स या परवान्याखाली असते. म्हणजे मूळ लेखकाचे नाव देऊन आपण ते वापरू शकतो, आणि परवान्यात मनाई नसेल तर त्यात बदल करू शकतो, मराठीत आणू शकतो. परवाना आधी वाचावा आणि नाव मात्र द्यावे. दुसऱ्याच्या टिपणांवर आपल्या संस्थेचा शिक्का मारून ती वाटण्याची जी पद्धत काही ठिकाणी पडली आहे, ती बरी नव्हे.

आता क्यूजीआयएसच्या प्रशिक्षण-पुस्तिकेतला एक सराव सांगतो, म्हणजे माझा मुद्दा स्पष्ट होईल. दक्षिण आफ्रिकेत स्वेलेंडम नावाचे एक टुमदार गाव आहे. विद्यार्थ्याने समजायचे, की आपण तिथले घरांचे दलाल आहोत. गिऱ्हाईकाला घर हवे आहे. ते शाळेपासून साधारण एक किलोमीटरच्या आत, १०० चौरस मीटरपेक्षा मोठे, मुख्य रस्त्यापासून ५० मीटरच्या आत आणि हॉटेलपासून ५०० मीटरच्या आत असावे. शाळा, रस्ते, इमारती, हॉटेले या सगळ्यांचे थर तयार दिलेले असतात. विद्यार्थी बफर काढतो, म्हणजे प्रत्येक हॉटेलाभोवती ५०० मीटरचे वर्तुळ. मग थर एकमेकांवर ठेवतो, छाटतो, आणि शेवटी पडद्यावर मोजकी घरे उरतात. सराव म्हणून हे झकास आहे. पायऱ्या अचूक, क्रम अचूक. पण आपल्या कृषी सहायकाला स्वेलेंडममधल्या हॉटेलाचे काय सोयरसुतक?

हाच सराव आपण घरी आणू या. १९९३ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खोदण्यावर बंधन घातले गेले होते. आकडा तोच, ५००. बटणही तेच. फक्त वर्तुळ हॉटेलाऐवजी नळपाणी योजनेच्या विहिरीभोवती काढायचे, आणि त्या वर्तुळात कोणकोणते गट नंबर येतात ते पाहायचे. हे करून घेताना वर्गात जो गलका होतो, तो ऐकण्यासारखा असतो. कोणी म्हणतो, आमच्या गावात या वर्तुळात बोअरच बोअर आहेत. कोणी विचारतो, मध्ये ओढा आहे, पलीकडच्या विहिरीचा अलीकडच्या पाण्याशी संबंध तरी आहे का? प्रश्न बिनतोड आहे. वर्तुळ कायद्याला सोपे पडते, जमिनीखालचे पाणी वर्तुळात वाहत नाही. जीआयएस काय सांगते आणि काय सांगत नाही, हे एवढ्या एका प्रश्नात कळते, आणि ते स्वेलेंडमच्या हॉटेलांवरून कधीच कळले नसते.

असेच दुसरे उदाहरण गावठाणाचे. २०१७ मध्ये जमीन महसूल संहितेत कलम ४२-ड घातले गेले आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींच्या अकृषिक वापराची वाट काही अटींवर सोपी झाली. आता २०० मीटर मोजायचे कुठून? गावठाणाच्या मधोमध ठिपका ठेवून, की हद्दीच्या रेषेपासून? ठिपक्यापासून मोजले तर कित्येकांची जमीन बाहेर राहते. ठिपक्याचा बफर आणि क्षेत्राचा बफर यांतला फरक पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकलेला असतो. इथे त्या फरकाची किंमत लाखांत असते आणि वर्गातला प्रत्येक जण कान टवकारून ऐकतो.

पण अशी उदाहरणे करायची तर स्थानिक नकाशे हवेत. एके काळी घोडे इथेच पेंड खायचे. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासूनचा. त्यांची पत्रके म्हणजे नकाशाशास्त्राचा उत्तम नमुना. पण किनाऱ्यापासून आणि सीमेपासून ८० किलोमीटरच्या पट्ट्यातली पत्रके निर्बंधित असायची. कोकणातल्या प्राध्यापकाला स्वतःच्या गावाचे पत्रक वर्गात लावायची चोरी! २००५ च्या नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठी वेगळी खुली मालिका काढण्याचे ठरले. २०१७ मध्ये ‘नक्षे’ नावाच्या संकेतस्थळावरून १:५०,००० प्रमाणाची ही पत्रके उतरवून घेण्याची सोय झाली. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून भारतीयांना नकाशे तयार करण्या-वापरण्यासाठी पूर्वपरवानगीची जी अट होती ती बहुतांशी काढून टाकली, आणि २०२२ च्या डिसेंबरात राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. म्हणजे ‘नकाशाच मिळत नाही हो’ ही सबब आता फारशी टिकत नाही.

उपग्रहांची चित्रेही फुकट आहेत. लँडसॅटची २००८ पासून, युरोपच्या सेंटिनेलची तर सुरुवातीपासूनच. इस्रोचे भुवन २००९ पासून आहे. उंचीची माहिती हवी असेल, तर एंडेव्हर या अवकाशयानाने २००० च्या फेब्रुवारीत ११ दिवस पृथ्वीभोवती फिरून रडारने जमिनीचे चढउतार टिपले. त्याची ३० मीटर तपशिलाची आवृत्ती २०१४ पासून टप्प्याटप्प्याने जगासाठी खुली झाली. तिच्यावरून ओढे-नाले आणि पाणलोटाची सीमा काढता येते.

इथे प्रशिक्षकाने एक गंमत जरूर दाखवावी. मागेल त्याला शेततळे योजनेत शेततळ्याचा मोठ्यात मोठा आकार होता ३० बाय ३० मीटर. उंचीच्या या नकाशातली एक चौकटही ३० बाय ३० मीटरची. म्हणजे अख्खे शेततळे एका ठिपक्यात मावते, तेही ते नेमके त्या चौकटीत बसले तर. नाहीतर चार चौकटींत वाटले जाऊन दिसेनासेच होते. सेंटिनेलच्या चित्रातली चौकट १० मीटरची, म्हणजे तेच शेततळे नऊ ठिपक्यांचे. विद्यार्थ्यांना दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून गावातले माहीत असलेले शेततळे शोधायला सांगावे. चित्राचा तपशील म्हणजे काय, यावर तासभर व्याख्यान देण्यापेक्षा हे पंधरा मिनिटांत होते.

आता जरा अवघड भागाकडे वळतो. विहीर शेजाऱ्याच्या शेतात का दिसते? पृथ्वी पूर्ण गोल नाही, हे आपण जाणतोच. ती नेमकी किती चपटी आहे हे ठरवून मगच अक्षांश-रेखांश मोजता येतात. भारताच्या जुन्या पत्रकांसाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये ठरवलेले माप वापरले गेले. आपल्या मोबाइलमधले जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हे दुसरे माप वापरते. खुल्या मालिकेची पत्रकेही आता त्याच मापावर आहेत. एकच अक्षांश-रेखांश या दोन मापांनी जमिनीवर वेगळ्या जागी पडतो. पुण्याच्या आसपास हा फरक शंभर मीटरच्या घरात जातो. शंभर मीटर म्हणजे एक हेक्टरच्या चौकोनी शेताची अख्खी बाजू! जुन्या पत्रकावरून गिरवलेल्या नाल्यावर मोबाइलने घेतलेली बंधाऱ्याची जागा तशीच ठेवली, तर बंधारा नाल्यातून उठून रानात जाऊन बसतो. संगणक तक्रार करत नाही. नकाशा सुबक दिसतो. आणि त्या नकाशावरून कोणी अंदाजपत्रक केले की मग धावपळ.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. मीटरमध्ये मोजायचे तर यूटीएम नावाचे प्रक्षेपण वापरतात, आणि त्यात पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेले आहेत. त्यांतली ७८ अंश रेखांशाची रेषा नेमकी विदर्भातून जाते. अमरावती ४३ व्या पट्ट्यात, नागपूर ४४ व्या. अमरावतीच्या प्रशिक्षकाने तयार केलेला सराव नागपूरच्या वर्गात जसाच्या तसा वापरला, की माहिती भलतीकडे जाऊन पडते. हे पुस्तकात सापडणार नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला विदर्भाशी कर्तव्य नव्हते. पुण्याच्या वर्गासाठीही अशीच एक सोय निसर्गाने करून ठेवली आहे म्हणा ना. १८ अंश ३० मिनिटांची अक्षांश रेषा शहराच्या दक्षिण भागातून जाते, आणि तिथेच ४७ एफ/१४ हे पत्रक संपून ४७ एफ/१५ सुरू होते. दोन पत्रके कडेला कशी जुळवायची याचा सराव पुणेकर विद्यार्थ्याला आपल्याच ओळखीच्या भागावर करता येतो.

दुसरी अडचण नावांची आणि लिपीची. हिच्याबद्दल फार थोडे लिहिले गेले आहे. नकाशाची माहिती साठवण्यासाठी शेपफाइल नावाचा एक जुना प्रकार आहे आणि अजूनही सगळीकडे तोच चालतो. त्यातल्या रकान्याच्या नावाला फक्त दहा जागा असतात. इंग्रजीत दहा अक्षरे म्हणजे बऱ्यापैकी. पण युनिकोडमधले देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला तीन जागा लागतात. काना-मात्राही स्वतंत्र चिन्हेच. म्हणजे दहा जागांत तीन चिन्हे! ‘लोकसंख्या’ असे रकान्याला नाव दिले की ‘लोक’च्या पुढे गाडी जात नाही. जिओपॅकेज नावाच्या नव्या प्रकारात हे बंधन नाही. मराठीत शिकवणाऱ्याने पहिल्या दिवसापासून तोच वापरावा. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमधले तक्ते असतील तर ते आधी युनिकोडमध्ये आणावेत, नाहीतर अख्खी दुपार चौकोन मोजण्यात जाते.

गावांच्या नावांची तर कथाच निराळी. वडगाव किती, पिंपळगाव किती, खुर्द किती आणि बुद्रुक किती! एका तक्त्यात ‘बु.’, दुसऱ्यात ‘बुद्रुक’, तिसऱ्यात इंग्रजी स्पेलिंग. नावावरून तक्ता नकाशाला जोडायला गेले की अर्धी गावे रिकामी राहतात, आणि त्याहून वाईट म्हणजे एका वडगावची लोकसंख्या दुसऱ्या वडगावला चिकटते. म्हणून जनगणनेचा गाव-क्रमांक वापरावा. पण तिथेही एक खाच आहे. एका तक्त्यात तो क्रमांक संख्या म्हणून आणि दुसऱ्यात अक्षरे म्हणून साठवलेला असेल, तर जोडणी नीट बसत नाही. प्रशिक्षकाने सरावाच्या तक्त्यात या दोन-तीन चुका जाणूनबुजून पेरून ठेवाव्यात. स्वच्छ माहितीवर शिकलेला माणूस मळकी माहिती पाहून घाबरतो. आणि नोकरीत त्याला मळकीच मिळणार आहे.

सात-बाराचा सराव मला फार आवडतो. महाभूनकाशा संकेतस्थळावर गटाची आकृती दिसते. विद्यार्थ्याने आपल्या घरच्या एका गटाची आकृती नकाशावर गिरवायची, संगणकाला क्षेत्रफळ विचारायचे आणि सात-बारावरच्या आकड्याशी ताडून पाहायचे. संगणक चौरस मीटर सांगतो, सात-बारा हेक्टर आणि आर सांगतो आणि घरातले आजोबा एकर-गुंठे सांगतात. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, कारण जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे १६. चाळीस गुंठ्यांचा एकर. हा सगळा हिशेब वर्गात फळ्यावर मांडला की एककांची उजळणी आपोआप होते.

आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. का जुळले नाहीत याची यादी विद्यार्थ्यांनीच करायची: जुना कागद आकसलेला, गिरवताना रेष हललेली, पोटखराबा धरला की नाही याचा घोळ, नाहीतर प्रक्षेपण चुकलेले. मात्र इथे प्रशिक्षकाने एक गोष्ट दटावून सांगितली पाहिजे. पडद्यावरची ही आकृती म्हणजे मोजणी नव्हे. हद्द ठरवण्याचा अधिकार भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीला आहे. वर्गात शिकलेला उत्साही तरुण संगणकावरचे चित्र घेऊन चुलत्याकडे गेला आणि ‘काका, तुमचा बांध दोन मीटर आमच्यात आहे’ असे म्हणाला, तर पुढे काय होईल हे श्रोत्यांना मी सांगायला नको.

आपली माती, आपला तालुका असे मी इतका वेळ म्हणतो आहे, तरी एक परदेशी उदाहरण मी कधी सोडत नाही. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली, तेव्हा ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाभोवती दाटलेली दिसली. पंपाचा दांडा काढून टाकला गेला. ही सगळी माहिती आज संगणकीय स्वरूपात फुकट मिळते आणि कोणत्या पंपाला कोणते घर जवळ, हे काढायचा सराव छान होतो. पण गोष्ट पूर्ण सांगावी. दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती. शिवाय स्नो यांनी नुसता नकाशा पाहून निष्कर्ष काढला नाही. ते घरोघर गेले, पाणी कुठून आणता हे विचारले. नकाशाने त्यांना कोणाच्या दारावर थाप मारायची एवढे दाखवले. आपल्या तालुक्यात गॅस्ट्रोची साथ येते तेव्हा आरोग्य सेविकेच्या वहीतून हाच नकाशा होऊ शकतो. विद्यार्थ्यांना मात्र रुग्णांची नावे काढून टाकायला आधी शिकवावे.

वर्गाच्या व्यवस्थेबद्दल थोडे. इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. कार्यक्रम आणि सगळी माहिती पेनड्राइव्हवर असावी, सगळ्यांच्या संगणकावर कार्यक्रमाची एकच आवृत्ती असावी. नाहीतर प्रशिक्षक म्हणतो डावीकडचे बटण दाबा आणि निम्म्या जणांच्या पडद्यावर ते बटणच नसते. मूळ माहिती एका फोल्डरमध्ये, काम दुसऱ्यात, ही शिस्त पहिल्या तासाला लावावी. एका संगणकावर दोघे बसले तर उत्तम, कारण एक अडला की दुसरा सांगतो. मात्र माऊस तासातासाने हात बदलत राहिला पाहिजे. मराठी शब्दांचा अट्टाहास करू नये. थर, प्रक्षेपण चालतात, पण बफरला बफरच म्हणावे, कारण पडद्यावर तेच लिहिलेले असते.

आणि एक दिवस तरी वर्गाबाहेर जावे. सकाळची वेळ बरी, दुपारी सगळे झाडाखाली सरकतात. प्रत्येकाने मोबाइल हातात धरून शाळेच्या किंवा कॉलेजच्या मैदानाला एक चक्कर मारायची आणि चाललेल्या वाटेची रेघ नोंदवायची. मग तसाच दुसरा फेरा. वर्गात येऊन दोन्ही रेघा एकाच नकाशावर ठेवल्या की त्या एकमेकींवर बसत नाहीत. मोकळ्या मैदानात चार-पाच मीटरने इकडे-तिकडे, भिंतीलगत आणि वडाखाली त्याहून जास्त. ‘सर, दोन्हींतली खरी कोणती?’ असे कोणीतरी विचारतेच. त्या वेळी उत्तर न देता टेप घेऊन पुन्हा मैदानावर जावे, दोन कोपऱ्यांमधले अंतर दोघांनी धरून मोजावे आणि आलेला आकडा तिसऱ्या रकान्यात लिहायला लावावा.